सुई पिवळ्या पिशवीत गेली कशी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी विचारलंय: "माझं बारा खाटांचं प्रसूतिगृह आहे. महिन्याभरात दुसऱ्यांदा कचरा नेणाऱ्या गाडीवाल्यानं पिवळी पिशवी परत दिली, तिच्यातून सुई बाहेर आली होती. पावसाळ्यात गाडी दोन-दोन दिवस येत नाही, वारेचा (बाळंतपणानंतर पडणाऱ्या प्लॅसेंटाचा) वास सुटतो. मागं परड्यात खड्डा काढून पुरलं तर चालेल का? की छोटी भट्टीच बसवून टाकू? स्टाफला रोज सांगतो, फरक पडत नाही."

डॉक्टर, खड्डा काढू नका आणि भट्टीचा विचारही सोडून द्या. दोन्हींची कारणं पुढं सांगते. पण तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय, "स्टाफला रोज सांगतो", तिथूनच मला सुरुवात करायची आहे. हे काम सांगून होत नाही. मी सव्वीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली चौदा बेळगावात संसर्ग नियंत्रणाची सिस्टर म्हणून. रक्तानं भिजलेला कापूस-गॉज पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, असा कचरा वेगळा होतो तो ज्या हातातून सुटतो त्या हातातच. एकदा सगळं एका पिशवीत पडलं की मागून येणाऱ्या कुणालाही ते निवडता येत नाही, आणि कुणाला निवडायला लावूही नये.

एक प्रसंग सांगते. रात्रपाळीत आमच्या वॉर्डातल्या एक मावशी पिवळी पिशवी बांधत होत्या. पिशवी तोंडापर्यंत भरलेली, गाठ बसेना, म्हणून त्यांनी तळहातानं आत दाबलं. रक्तानं भिजलेल्या गॉजमध्ये टाक्याची वाकडी सुई गुंडाळलेली होती, ती हातमोजातून अंगठ्याच्या मुळाशी घुसली. सुई कुणाची? वॉर्डात बावीस रुग्ण, पिशवी सगळ्यांची. रक्त तपासायचं तर कुणाचं तपासणार? मावशींची कावीळ ब ची लस अर्धीच झालेली. डॉक्टरांनी एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं सुरू करायचं ठरवलं, ती अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. पहिला आठवडा त्यांना मळमळ होत होती, आणि घरी काय सांगायचं हा त्याहून मोठा प्रश्न. सहा महिन्यांनी शेवटची तपासणी निर्दोष आली तेव्हा त्या माझ्या टेबलाशी येऊन नुसत्या बसून राहिल्या. सुई टाकणाऱ्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. जो टाकतो त्याला टोचत नाही, म्हणून त्याला कितीही सांगितलं तरी ते आत उतरत नाही.

आता तुमच्या पिशवीतली सुई. ती वाकडी होती की सरळ, हे गाडीवाल्याला विचारलंत का? आधी ते विचारा. सरळ असेल तर चूक वॉर्डातल्या इंजेक्शनच्या राउंडला होते. वाकडी असेल तर बाळंतपणाच्या खोलीत, बाळंतपणात घेतलेला छेद शिवताना. तुमच्याकडं बाळंतपणंच जास्त, त्यामुळं मला दुसरी शक्यता दाट वाटते. टाके संपले की सुई होल्डरमधून (सुई धरायच्या चिमट्यातून) सुटून गॉजवर पडते, तेवढ्यात बाळ रडतं किंवा रक्तस्राव बघायचा असतो, आणि अख्खा ट्रे गॉजसकट पिवळ्या डब्यात उपडा होतो. यात कुणाचा आळस नाही. पांढरा डबा दाराजवळ आणि हात टेबलाजवळ, म्हणून हे घडतं.

तर करायचं असं. जो शिवतो त्यानंच, हातमोजे काढायच्या आधी, सुई होल्डरनं उचलून पांढऱ्या डब्यात टाकायची. डबा टेबलाच्या उजव्या हाताला, हात लांबवला की पोचेल इतका जवळ हवा. गॉज मोजता तशीच सुईही मोजा: किती उघडल्या, किती डब्यात गेल्या. ट्रे उपडा करण्याआधी सिस्टरनं "सुया किती?" असं मोठ्यानं विचारायचं आणि डॉक्टरांनी उत्तर द्यायचं. तुम्ही स्वतः शिवत असाल तर पहिला आठवडा तुम्हीच उत्तर द्या. तुम्ही दिलंत की बाकीचे देतात.

वॉर्डासाठी एक दिवस सकाळी इंजेक्शनच्या राउंडला सिस्टरच्या मागं फिरा. बोलू नका, फक्त हात बघा. नीडल कटर आणि पांढरा डबा नर्सिंग स्टेशनवर असेल तर वापरलेल्या सिरिंजा किडनी ट्रेमध्ये जमा होत जातील, त्यावर कापूस पडेल, आणि कुणीतरी टोपण परत बसवायला जाईल. दोन्ही हातांनी टोपण बसवताना जितक्या सुया टोचतात तितक्या क्वचितच दुसऱ्या कामात टोचत असतील. कटर आणि डबा ट्रॉलीवरच ठेवा. सुई कापली की पांढऱ्यात, सिरिंज लालमध्ये, पुढच्या खाटेकडं जायच्या आत. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा. झाकण पुन्हा उघडता येणार नाही असाच डबा घ्या. बाटलीला भोक पाडून केलेले डबे मी अजूनही बघते, ते चालत नाहीत. सुया त्यांच्या बुडातून बाहेर येतात.

रंगांचं मी थोडक्यात सांगते, तुम्हाला ते माहीत आहेच. पिवळ्यात रक्तानं भिजलेला कापूस, गॉज, पट्ट्या, प्लास्टर, वार आणि शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये सलाइनचे सेट, बाटल्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंजा, हातमोजे. पांढऱ्या डब्यात सुया, ब्लेड आणि टोचणारं-कापणारं सगळं धातूचं. निळी खूण असलेल्या खोक्यात काच, म्हणजे अँप्यूल आणि व्हायल.

गोंधळ कुठं होतो ते मात्र नीट सांगते. रुग्णालयाच्या कचऱ्याच्या १९९८ च्या सरकारी नियमांत कचऱ्याचे दहा प्रकार होते, काळी पिशवीही होती, आणि काही प्लास्टिकला एकाहून जास्त रंग चालत. २०१६ च्या नियमांनी ते चार रंगांवर आणलं. ज्या सिस्टर त्याआधी शिकल्या त्यांचा हात अजून जुन्या डब्याकडं जातो. सिरिंजा आणि सेट ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवत ठेवायची सवयही त्याच काळातली. कचरा सामायिक केंद्राकडं (अनेक दवाखान्यांचा कचरा गाडीनं नेऊन त्यावर प्रक्रिया करणाऱ्या ठिकाणी) जात असेल तर त्याची गरज नाही, केंद्रात लाल पिशव्या ऑटोक्लेव्ह होऊन, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक होऊन, मग त्यांचे तुकडे होतात. आपल्या जागी आधी निर्जंतुक करायचा तो प्रयोगशाळेतला कचरा, रक्ताचे नमुने आणि रक्ताच्या पिशव्या. बाकीचं भिजवून तुम्ही फक्त क्लोरीन गटारात सोडता आणि मावशींचे हात सोलवटून घेता.

दुसरा गोंधळ वेष्टनांचा. सिरिंजचा कागद, सलाइनच्या बाटलीवरची बाहेरची पिशवी, हातमोजांचं खोकं हा सगळा घरच्यासारखा साधा कचरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयाच्या कचऱ्यातला सुमारे ८५ टक्के भाग असाच, धोका नसलेला असतो. तोच पिवळ्यात कोंबला जातो म्हणून पिशव्या तोंडापर्यंत भरतात, आणि भरलेली पिशवी दाबावी लागते. आमच्या मावशींच्या अंगठ्याशी हा कागदच जाऊन पोचला होता, असं मी प्रशिक्षणात नेहमी सांगते.

आणि आपल्या भागातला खास गोंधळ, भाषेचा. तुमच्याकडं मावशी गावाकडच्या, मराठी बोलणाऱ्या. सिस्टर बहुधा बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. भिंतीवरचा तक्ता इंग्रजी आणि कन्नडमध्ये. घाईत सिस्टर म्हणते "केंपु" (लाल), मावशी थांबतात. मी सुरुवातीला मराठी तक्ता चिकटवून बघितला, तर मग कन्नड मावश्या अडल्या. शेवटी अक्षरंच काढून टाकली. चार रंगांचे जाड पुठ्ठे घेतले आणि त्यांवर खऱ्या, न वापरलेल्या वस्तू चिकटवल्या: लालवर हातमोजा आणि सलाइनचा सेट, पिवळ्यावर लाल शाईत बुडवलेला गॉज, निळ्यावर अँप्यूल, पांढऱ्यावर टोपणासकट सुई. प्रत्येक डब्याच्या वर तोच पुठ्ठा. शब्द मात्र सगळ्यांना दोन्ही भाषांतले पाठ करून घेतले. पिवळ्याला कन्नडमध्ये "हळदी" म्हणतात, हे कळल्यावर मराठी मावश्यांना वेगळं शिकवावंच लागलं नाही. "नीली"चंही तसंच. उरले "केंपु" आणि "बिळी" (पांढरा), दोनच शब्द. सहा पाळ्यांत बसले.

आता लाल पिशवीचं गांभीर्य. सलाइनच्या बाटल्या आणि सिरिंजा भंगारवाल्याला देणं किरकोळ वाटतं, वर चार पैसेही मिळतात. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात कावीळ ब ची साथ आली, कित्येक माणसं गेली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरणं हे तिचं कारण निघालं, आणि तपासात अशा कचऱ्याचा धंदाही उघडकीला आला. म्हणून लाल पिशवी मोजून, बारकोड लावून गाडीतच गेली पाहिजे. एक बाटलीही मागच्या दारानं जाता कामा नये. व्हायलवरची लेबलं फाडून किंवा शाईनं खोडून मगच निळ्यात टाका.

वारेचा प्रश्न हा तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग आहे आणि तो तुम्ही वासापुरताच लिहिलाय. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांतून आलेल्या आज्या वार मागून घेतात हे मी बघितलंय. घराच्या मागं पुरायची, कुत्र्यामांजरानं उकरता कामा नये, ही त्यांची रीत. नियमात वार हा शरीराचा भाग धरला जातो, म्हणजे पिवळी पिशवी, आणि तिला पर्याय नाही. पण "नियम आहे, मिळणार नाही" असं तोडून बोलू नका. मी आजींना बसवून सांगायची: "आजी, ही उघड्यावर पडणार नाही, कुत्रं तोंड लावणार नाही, बांधून कुलपात ठेवतो आणि तिथून भट्टीत जाते, तिची राख होते." त्यांच्या मनातली भीती विटंबनेची असते. ती गेली की बहुतेक जणी मान डोलावतात. हे बोलणं कळा सुरू असताना नाही, भरतीच्या वेळी करा.

वासासाठी सोपा उपाय आहे. वार स्टीलच्या ट्रेमध्ये निथळू द्या, उरलेलं रक्त वेगळं काढा, मग स्वतंत्र छोट्या पिवळ्या पिशवीत बांधून ती मोठ्या पिशवीत. जुना का होईना, एक छोटा डीप फ्रीझर फक्त यासाठी घ्या, त्याला कुलूप लावा आणि वर धोक्याचं चिन्ह. लसींच्या फ्रिजमध्ये चुकूनही नको. नियम असा की शरीराचे भाग आणि रक्तानं भिजलेला कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. ठेवावाच लागला तर काय काळजी घेतली आणि का ठेवला, हे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं.

गाडी चुकते तेव्हा गप्प बसू नका. ठरलेल्या वेळी गाडी आली नाही तर मंडळाला लगेच कळवणं ही नियमानं तुमचीच जबाबदारी आहे. बहुतेक छोटे दवाखाने ड्रायव्हरला फोन करतात आणि सोडून देतात. फोनची कुठं नोंद राहत नाही. केंद्राला मेल करा, मंडळाच्या कार्यालयाला त्याची प्रत पाठवा. दर वेळी, न चिडता, तारीख-वेळ लिहून. जांबोटी-कणकुंबीकडं आषाढ-श्रावणात रस्त्यांची काय दशा होते ते मला ठाऊक आहे, ड्रायव्हरही माणूसच आहे. पण तुमची लेखी तक्रार असेल तरच पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक ठरवायला केंद्राला भाग पाडता येतं.

तोवर साठवणुकीची खोली नीट करा. जोत्यावर, छपराखाली, जाळी आणि कुलूप असलेली, धुता येईल अशी फरशी. प्रत्येक रंगाचा वेगळा मोठा डबा. अधूनमधून फणस-आंब्याच्या रिकाम्या पेट्याही तिथंच टाकलेल्या दिसतात, तसं होऊ देऊ नका. त्या खोलीत दुसरं काहीही नको.

आता खड्डा. खोल पुरण्याची परवानगी नियमात आहे, पण फक्त अशा खेड्यापाड्यात किंवा दुर्गम जागी जिथं सामायिक केंद्र पोचूच शकत नाही, आणि तीही आधी मंजुरी घेऊन. तुमच्याकडं गाडी येते, उशिरा का होईना. म्हणजे तुम्हाला ती सवलत लागू नाही. समजा लागू असती तरी मी नको म्हटलं असतं. खड्डा दोन मीटर खोल हवा, निम्मा भरला की चुना आणि माती, वर जाळी, आणि त्याच्या तळापासून भूजल किमान सहा मीटर खाली हवं. खानापूरच्या जांभ्या दगडात पाणी चाळणीतून उतरावं तसं उतरतं. भर पावसात तुमच्या परड्यातल्या विहिरीला पाणी किती हातांवर असतं ते आठवा. मलप्रभा याच तालुक्यात उगम पावते, आणि खाली तिचंच पाणी लोक पितात.

भट्टीचंही असंच. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल तर रुग्णालयाला स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारता येत नाही. आणि "छोटी भट्टी" म्हणून जे विकतात ती भट्टी नसतेच, चिमणी लावलेली शेगडी असते. खऱ्या भट्टीला दोन कप्पे लागतात: पहिल्यात किमान ८०० अंश सेल्सियस, दुसऱ्यात १०५० च्या आसपास, आणि धूर त्या दुसऱ्या कप्प्यात किमान दोन सेकंद राहिला पाहिजे. धुराडं किमान ३० मीटर उंच. कमी तापमानावर क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळलं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते गवतावर बसतं, गाईच्या दुधात उतरतं आणि चरबीत साठून राहतं. तुमच्या शेजारी गोठा असेलच. परड्यात कचरा जाळण्याबाबतही हेच, कितीही थोडा असो.

पातळ कचऱ्याकडं छोट्या प्रसूतिगृहांत कुणी बघत नाही, म्हणून एवढं लिहिते. सक्शनच्या बाटलीतलं रक्त आणि गर्भजल थेट मोरीत ओतू नका. १ ते २ टक्के हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) निर्जंतुक करून मगच सोडा. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणाला चार भाग पाणी घातलं की १ टक्का होतं. ते रोज सकाळी ताजं करायचं, कालचं आज वापरायचं नाही, क्लोरीन उडून जातो. बाटली सावलीत, झाकण लावून. आणि संडास धुवायच्या ॲसिडच्या शेजारी ती कधीच ठेवू नका. दोन्ही एकत्र झाली की विषारी वायू सुटतो.

कागदपत्रांत फार वेळ घालवत नाही. मंडळाचं प्राधिकारपत्र (असा कचरा हाताळायची परवानगी) चालू आहे ना बघा, खाटा बारा असोत की दोन, ते लागतंच. रोज रंगवार वजन लिहायची वही ठेवा आणि नोंदी पाच वर्षं जपा. वार्षिक अहवाल दर वर्षी ३० जूनपर्यंत जातो. ३० पेक्षा कमी खाटा असल्यानं तुम्हाला कचरा व्यवस्थापनाची समिती नको, पण एक जाणकार व्यक्ती नेमावी लागते. ती डॉक्टरच असली पाहिजे असं नाही. मला विचाराल तर तुमच्याकडची सगळ्यात नेटकी सिस्टर निवडा, आणि तिला पिशवी परत पाठवायचा अधिकार द्या. गाडीवाल्यानं परत करण्याआधी तुमच्याच दारात ती अडली पाहिजे, मग ती तुमच्या खोलीतून आलेली का असेना.

सुई टोचलीच तर काय, हे आजच प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची. पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, स्पिरिट ओतायचं नाही. लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. म्हणून रात्री अडीच वाजता कुठं जायचं आणि गाडी कोण काढणार हे आधीच ठरवून ठेवा. टोचल्याबद्दल कुणाला ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढची सुई लपवली जाते. टोचण्याची नोंद वहीत करा, वार्षिक अहवालातही ती द्यायची असते.

आणि लस. कावीळ ब असलेल्या रुग्णाच्या रक्तानं भरलेली सुई टोचली आणि लस झालेली नसेल तर शंभरातल्या तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. कावीळ क मध्ये हे प्रमाण त्याहून बरंच कमी, एचआयव्हीमध्ये साधारण हजारात तीन. या तिघांत सगळ्यात जास्त धोका असलेल्या आजारावरच लस उपलब्ध आहे. तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. सिस्टरांचं झालेलं असतं. झाडणाऱ्या मावशींचं, कंत्राटावर आलेल्या मुलाचं, रविवारी बदलीवर येणाऱ्या बाईंचं विचारा, त्यांचा तिसरा डोस बहुतेक राहिलेला सापडेल. नोंद नसेल तर झाला असं धरू नका. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, आकडा १० च्या वर आला की ठीक. धनुर्वाताचं इंजेक्शनही त्याच वेळी बघा. पहिला डोस याच आठवड्यात द्या, आणि गाडीवाल्याची लस झाली आहे का तेही त्याला विचारा. तुमच्या पिवळ्या पिशवीतली ती सुई दोन्ही वेळा त्याच्याच हाताशी आली होती.